समुद्र नसलेल्या देशाची वकील

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात मी परभणीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्याच पावसाळ्यात मी दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाची राजदूत झाले. माझी नेमणूक राज्यशास्त्राच्या सरांच्या जेवणाच्या डब्यातून निघाली.

त्याचं असं झालं. त्या वर्षी रेडिओ लावला की पूर्व बंगालच्या निर्वासितांची बातमी असायची. स्टेशनवर, हॉटेलात, कॉलेजच्या कट्ट्यावर एकच प्रश्न होता. एवढी माणसं घरदार सोडून येताहेत, आणि जग काय करतंय? सर एक दिवस वर्गात म्हणाले, "जग काय करतं हे विचारत बसण्यापेक्षा थोडे दिवस तुम्हीच जग होऊन बघा." त्यांनी कॉलेजात राष्ट्रांची सभा भरवायचं ठरवलं. प्रत्येकानं एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, त्या देशाचा अभ्यास करायचा आणि सभेत त्याच्या बाजूनं बोलायचं. देश वाटून देताना भांडणं नकोत म्हणून त्यांनी आपला डबा धुऊन पुसून आणला आणि त्यात चिठ्ठ्या टाकल्या.

सर हैदराबादला उर्दूतून शिकलेले होते. मराठी घरची, पण विचार करायला लागले की शब्द उर्दू यायचे. राजदूताला ते कायम 'सफीर' म्हणत. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि मुलींना सुद्धा अहोजाहो. परभणीत तेव्हा मुलींना अहोजाहो करणारे ते एकटेच प्राध्यापक होते.

पेडगावच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. शाळा औरंगाबादला झालेली, इंग्रजी चांगलं, उंचापुरा. त्यानं चिठ्ठी उचलली आणि जगातला सगळ्यांत बलाढ्य देश त्याच्याकडं गेला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. जणू तो त्याच्या नावावरच होता. मग माझी पाळी आली. मी चिठ्ठी उघडून नाव वाचलं आणि कोणालाच काही कळलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हे देशाचं नाव हाय का औषधाचं?"

त्या देशाचं नाव मी इथंही लिहीत नाही. पुढं ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याला मी कधी भेटले नाही, आणि न भेटलेल्या माणसाला नावानिशी उभं करणं मला बरं वाटत नाही.

सरांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवली. "हा बघा. चारी बाजूंनी जमीन. यांना समुद्र नाही. पूर्वी होता. शेजाऱ्याशी लढाई झाली, त्यात किनारा गेला. तेव्हापासून यांचा प्रत्येक सफीर जगभर एकच गोष्ट मागत फिरतो. आमचा समुद्र परत द्या."

वर्ग हसला. मी हसले नाही. मला तो देश त्याच क्षणी आवडला. मीही समुद्र पाहिला नव्हता. आमच्या सगळ्या वर्गात कोणी पाहिला नव्हता. ज्याच्याकडं जे नाही ते त्यानं ठामपणे मागावं, यात हसण्यासारखं काय आहे हे मला समजेना.

माझं घर पूर्णेला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. छप्पन साली आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळं आधीचं काही मला आठवत नाही. मला आठवतात ते विहाराच्या कमिटीचे चिटणीस असलेले वडील, आणि घरात सतत चाललेल्या बैठका. सतरंजी टाकायची, चहा ठेवायचा, आणि ठरावाची भाषा ऐकत ऐकत अभ्यास करायचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात किती हात, हे शब्द मी पाढ्यांबरोबर शिकले.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं की मी परदेशाची वकील झाले. वकिलातीचा वकील, असं मला म्हणायचं होतं.

आई भाकऱ्या थापत होती. "मंजी कोर्टात? काळा कोट घालून?"

"तसा न्हाई. एका देशाची बाजू दुसऱ्या देशात मांडायची."

"त्यांचा कोणी माणूस न्हाई का मग? तुला कशाला?"

वडील हात धुऊन आले, पाटावर बसले. त्यांनी नीट विचारलं, "तुझ्या देशाचं मागणं काय हाय?"

"समुद्र."

"कोणाकडं?"

"शेजाऱ्याकडं."

"देईल का तो?"

"न्हाई देणार. लय वर्षं झाली, देईना गेला."

वडिलांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "देणाऱ्याकडं मागायची एक रीत असती अन् न देणाऱ्याकडं मागायची दुसरी. न देणाऱ्याकडं मागताना आवाज चढवायचा न्हाई. सावकाश बोलायचं, आणि त्याच्याकडं न बघता बाकीच्यांकडं बघायचं. ऐकायचं असतं ते बाकीच्यांनी."

हे मी लगेच लिहून घेतलं नाही, कारण लिहायची गरज नव्हती. ते मला आजतागायत उपयोगी पडतं.

पूर्णेहून परभणीला मी पॅसेंजरनं जात असे. माझी मैत्रीण त्याच गाडीत चुडाव्याहून बसून यायची. तिचे वडील थोडकी कोरडवाहू शेती करत. स्टेशन गावातच होतं म्हणून ती शिकली, असं ती स्वतः म्हणायची. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबे, तेवढ्यात मी तिचा डबा शोधून चढायची. तिच्या चिठ्ठीत नेमका माझा शेजारी देश निघाला होता. ज्यानं समुद्र घेतला तो. त्यामुळं आमच्या वाटाघाटी रोज सकाळी गाडीतच सुरू व्हायच्या.

"देऊन टाक की गं," मी म्हणायची. "केवढा लांब किनारा हाय तुझ्याकडं. एक बंदर दिलंस तर काय बिघडतं?"

"आज बंदर मागायलीस, उद्या मासे मागशील," ती म्हणायची. "आमच्या भावकीतल्या बांधासारखं हाय हे. एकदा सरकू दिला की सरकतच जातो."

ती मूळची अबोल. वर्गात तोंड उघडायची नाही. पण समुद्र हातात आल्यापासून तिला कंठ फुटला होता.

अभ्यासाला पुस्तकं नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात दक्षिण अमेरिकेवर एकच जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं होतं. मी ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, "दिल्लीच्या वकिलाती फुकट मासिकं पाठवतात, बाई. कागद चांगला असतो म्हणून मी ती पुस्तकांना कव्हरं घालायला वापरतो. बघा, तुमचा देश कुठं कव्हर झाला असेल तर."

थट्टा नव्हती ती. मी खरंच कपाटातली पुस्तकं काढून कव्हरं बघत बसले. अर्थशास्त्राच्या एका पुस्तकावर माझ्या देशाचे डोंगर होते. खाली कोपऱ्यात अजून न फाडलेल्या मासिकांचा गठ्ठा होता, त्यात माझ्या देशाचे काही अंक सापडले. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. टोपी घातलेल्या बायका, लोकरी जनावरं, आणि एका मोठ्या सरोवरात गणवेशातले खलाशी. समुद्र गेला तरी त्यांनी आरमार मोडलं नव्हतं. सरोवरात बोटी फिरवून ते खलाशी तयार ठेवत होते. हे वाचून मी ग्रंथालयातच उठून उभी राहिले होते.

एका अंकात त्या देशाच्या दिल्लीतल्या राजदूताची मुलाखत होती. ती मी शब्दकोश घेऊन इतक्या वेळा वाचली की त्या माणसाची सगळी कारकीर्द मला पाठ झाली.

तो खाणकामगाराचा मुलगा होता. उंच पठारावर कथिलाच्या खाणी, तिथल्या वस्तीत वाढलेला. घरात बोलायची भाषा एक आणि शाळेतली वेगळी, त्यामुळं पहिली काही वर्षं तो वर्गात गप्प बसून असे. पुढं तो शिक्षकच झाला. दिवसा मुलांना शिकवायचं आणि पाळी संपली की खाणकामगारांना. कामगार वाचायला लागले तसे पगाराचे कागद वाचायला लागले, आणि मालकांनी त्याला वस्तीतून हाकललं. मग तो राजकारणात आला. निवडून गेला, एकदा तुरुंगात गेला, सुटून पुन्हा निवडून गेला. सरकार बदललं तेव्हा शिक्षणमंत्री झाला. मंत्री झाल्यावर त्यानं एकच हट्ट धरला. डोंगरातल्या मुलांना पहिली दोन वर्षं त्यांच्या घरच्या भाषेतून शिकवा. त्यावरून मंत्रिमंडळात वाजलं. त्याला काढलं नाही. समुद्राची बोलणी करायला शेजारच्या देशात वकील म्हणून पाठवलं, आणि तिथून आणखी लांब दिल्लीला. मुलाखतीत तो म्हणाला होता की लांब पाठवणं ही शिक्षा होती, पण त्याला ती मानवली, कारण लांबून आपला देश सबंध दिसतो.

मी ठरवलं की मी नुसता देश होणार नाही, हा माणूस होणार. त्याची बाजू मला परकी नव्हती. शाळेत गप्प बसणारं पोर, वाचायला शिकवल्याबद्दल हाकलला गेलेला मास्तर, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

सभेला थोडे दिवस राहिले असताना वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. माझ्या देशात लष्करानं सरकार उलथवलं होतं. राष्ट्राध्यक्ष परागंदा झाले होते आणि एक कर्नल राजवाड्यात शिरला होता. मी वाचनालयात ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या डोळ्यांपुढं दिल्लीतला तो माणूस आला. सकाळी त्यानं ही बातमी कशी ऐकली असेल, भिंतीवरची जुन्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरवली असेल का, ऑफिसात गेला असेल का?

सरांनी मला बोलावून घेतलं. डबा समोर होता. "ऐकलं मी. तुमच्या देशाची हुकूमत गेली. आता तुम्ही कोणाच्या वतीनं बोलणार, हा घोळ होईल. दोन चिठ्ठ्या उरल्यात. चांगले, शांत देश आहेत. एक घ्या."

"नको सर."

"का?"

"त्या राजदूताला कोणी दुसरा देश दिला असेल का?"

सर हसले. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अठ्ठेचाळीसला पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी तहसिलात नवा कारकून होतो. चार-पाच दिवसांत निजामाची हुकूमत गेली. आम्ही कचेरीत बसलो होतो, वरून हुकूम नाही, खाली कोणी सांगणारा नाही. बाहेर लोक दाखल्यांसाठी उभे. तहसीलदार म्हणाले, लिहीत राहा, लोक उभे आहेत. मी लिहीत राहिलो. शिक्का जुनाच होता, तोच मारत राहिलो. त्या दिवसांत मी कोणाचा नोकर होतो, हे मला आजही सांगता यायचं नाही."

"मग तुम्ही बरोबर केलं का, सर?"

"दाखले तर खरे होते," ते म्हणाले. आणि डब्याचं झाकण लावलं.

सभेच्या दिवशी आईनं बुद्धजयंतीला नेसायची पांढरी साडी काढून दिली. कॉलेजच्या पत्र्याच्या हॉलमध्ये बाकं गोलाकार मांडली होती. प्रत्येकापुढं पुठ्ठ्याची पाटी, त्यावर देशाचं नाव. प्राचार्य अध्यक्ष. मागं खुर्च्यांवर गावातले वकील, डॉक्टर, शाळांचे मास्तर बसले होते. वडील रजा काढून आले होते. ते खुर्चीवर बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. तिथून सगळे दिसतात, असं नंतर म्हणाले.

काम सुरू झालं आणि पेडगावचा तो मुलगा उठला. "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा आहे. या सभेत एक प्रतिनिधी अशा सरकारच्या वतीनं बसला आहे की जे सरकार अस्तित्वातच नाही. त्या देशाच्या नव्या सरकारनं आपला प्रतिनिधी पाठवला आहे. तो बाहेर उभा आहे. त्याला आत घ्यावं."

दार उघडलं आणि आमच्याच वर्गातला एक मुलगा आत आला. छातीवर कसलंसं पदक लावलेलं, हातात गुंडाळी केलेला कागद. कागदावर कर्नलची सही होती, असं तो म्हणाला. हॉलमध्ये हशा उसळला. एका पाटीमागं आता दोन माणसं झाली. मी बसलेली आणि तो उभा.

मला त्या क्षणी राग आला नाही. उलट बरं वाटलं. कारण ज्या माणसाची कारकीर्द मी पाठ केली होती, त्याच्यावर आलेला प्रसंग आता खरोखर माझ्यावर आला होता, आणि मला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. प्राचार्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी नुसती मान हलवली. प्राचार्य म्हणाले, "दोघांनी आपापलं म्हणणं मांडावं. मग सभा हात वर करून ठरवील."

पदकवाला म्हणाला, "राजवाडा आमच्या हातात आहे, खजिना आमच्या हातात आहे, फौज आमची आहे. खुर्ची आमची."

तेवढंच तो बोलला, आणि खरं सांगायचं तर जगात बहुतेक ठिकाणी तेवढंच पुरतं.

मी उभी राहिले. कर्नलच्या प्रतिनिधीकडं बघितलं नाही, पेडगावकराकडंही नाही. शेवटच्या बाकापासून सुरुवात केली आणि सावकाश बोलले.

"माझ्या देशात राजवाडा एकाकडून दुसऱ्याकडं गेला, हे खरं आहे. असं तिथं पूर्वीही झालंय. मी इथं राजवाड्याचं मागणं घेऊन आलेले नाही. मी समुद्राचं मागणं घेऊन आले आहे. ते जुन्या सरकारचं नव्हतं आणि नव्याचंही नाही. ते खाणीतल्या माणसाचं आहे. त्यानं काढलेलं कथील दुसऱ्याच्या बंदरातून, दुसऱ्यानं ठरवलेल्या दरानं जातं. सरकार पडलं, पण समुद्र अजून मिळालेला नाही. म्हणून माझं काम संपलेलं नाही. या सन्माननीय गृहस्थांनी राजवाडा, खजिना आणि फौज मोजून दाखवली. समुद्राचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. ज्याला आपल्या देशाचं मागणं आठवत नाही, त्याला खुर्ची देऊन ही सभा काय ऐकणार आहे?"

वर पत्र्यावर पावसाची सर आली. पेडगावकर पुन्हा उठला. त्यानं चांगला प्रश्न विचारला, हे मला तेव्हाही मान्य होतं. "पण उद्या या सभेनं काही ठरवलं, तर ते तिथं अंमलात कोण आणणार? माननीय प्रतिनिधींच्या हातात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "वकिलाच्या हातात कधीच काही नसतं. तोंड असतं."

मागं बसलेले गावातले वकील त्यावर मोठ्यानं हसले आणि प्राचार्यांना टेबल वाजवावं लागलं.

मग हात मोजायची वेळ आली. मोठे देश सगळे कर्नलकडं गेले. छोटे थोडे इकडं, थोडे तिकडं. प्राचार्य मोजत मोजत माझ्या मैत्रिणीपाशी आले. शेजारी देश, माझा शत्रू. तिनं हात कोणाच्याच बाजूनं वर केला नव्हता. प्राचार्यांनी विचारलं, "आपलं मत?"

ती उभी राहिली. पदर घट्ट धरून म्हणाली, "माझं मत यांनाच. आमचं भांडण यांच्याशी हाय. ज्याला समुद्राची आठवणच न्हाई त्याच्याशी भांडून आमी काय करू?"

तिच्यानंतर आणखी दोघा-तिघांनी हात वर केले आणि खुर्ची माझ्याकडं राहिली. पदकवाला कागद गुंडाळून, सलाम करून बाहेर गेला. त्याला टाळ्या माझ्यापेक्षा जास्त पडल्या.

पुढचं तेवढं चांगलं झालं नाही. समुद्राचा ठराव आला तेव्हा मैत्रीण खणखणीत विरोधात बोलली. भावकीच्या बांधाचा दाखला देऊन तिनं अशी मांडणी केली की माझ्याच बाजूचे लोक फिरले. ठराव पडला. निर्वासितांचा ठराव मात्र एकमतानं झाला. तो लिहून काढायचं काम मी आणि पेडगावकर दोघांनी मिळून केलं. त्याचं इंग्रजी आणि माझी ठरावाची भाषा.

परतीच्या गाडीत मैत्रीण, मी आणि वडील एका बाकावर होतो. वडील तिला म्हणाले, "पोरी, तू हिला खुर्ची दिलीस अन् समुद्र ठेवून घेतलास. तू पक्की वकील हायस."

ती लाजली. पूर्णेला उतरताना मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षी मी बंदर घेतल्याशिवाय राहणार नाही.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. एक दिवस पेडगावकर ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी आला. हातात माझ्या देशाचं नवं मासिक होतं. त्यानं ते उघडून समोर ठेवलं. पहिल्या पानावर कर्नल, राष्ट्राध्यक्षाचा पट्टा घालून. आणि आत, दिल्लीतल्या समारंभाच्या फोटोत, त्याच कर्नलच्या तसबिरीखाली माझा राजदूत उभा होता. तोच चेहरा, तोच काळा सूट. नव्या सरकारचं अभिनंदन करताना.

"तुमचा माणूस तिकडं गेला," तो म्हणाला. आवाजात खिजवणं नव्हतं. त्यालाही बहुधा वाईट वाटलं होतं.

मला मात्र भयंकर राग आला. मी त्याच्यासाठी भर सभेत उभी राहिले होते. मी सरळ सरांच्या खोलीत गेले आणि मासिक टेबलावर ठेवलं.

सरांनी चष्मा लावून फोटो बघितला. "याच्या पुढचं पान वाचलंत?"

वाचलं नव्हतं. पुढच्या पानावर समुद्राच्या मागणीवर लेख होता, त्याच राजदूताच्या सहीचा. मजकूर जवळजवळ तोच, जो मी मुलाखतीत वाचला होता. खाणी, कथील, दुसऱ्याचं बंदर.

"म्हणजे त्यानं बरोबर केलं असं तुमचं म्हणणं आहे?"

"मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "भ्यायला असेल. नोकरी टिकवली असेल. किंवा दाखले लिहीत राहिला असेल. लांबून हे तिन्ही सारखेच दिसतात. तुम्ही काय केलं असतं, ते तुम्ही सभेत दाखवलंत. तुमचं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्याचं त्याला."

मी बाहेर आले तेव्हा पेडगावकर पायरीवर उभा होता. "काय म्हणाले सर?"

"म्हणाले, तो त्याचा मालक अन् मी माझी."

"मग? राग गेला?"

"न्हाई गेला. पण आता तो माझा माणूस न्हाई. त्या खुर्चीवर तो न्हवता बसला, मी बसले होते." हे बोलताना मला जे वाटलं ते मी आजही बदलणार नाही. विशीतल्या मुलीनं स्वतःबद्दल खात्री बाळगावी, त्यात काही वावगं नाही. पुढं ती खात्री तपासायला आयुष्य पडलेलं असतंच.

त्या राजदूताची खबर मी ठेवत राहिले. मासिकं येत होती. एम.ए.ला औरंगाबादला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या ग्रंथालयात परदेशी वर्तमानपत्रं मिळत, त्यांतून तुकडे कळले. कर्नलच्या सरकारात तो काही वर्षं राहिला. मग एका बैठकीत त्यानं घरच्या भाषेतल्या शाळांचा विषय पुन्हा काढला आणि त्याला परत बोलावून घेतलं. तो परत गेलाच नाही. शेजारच्या देशात, म्हणजे ज्यानं समुद्र घेतला त्याच देशात, एका शाळेत शिकवत राहिला. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा लष्कर मागं सरलं, निवडणुका झाल्या आणि तो खाणीच्या वस्तीतून पुन्हा उभा राहिला. निवडून आला. समुद्राच्या बोलण्यांसाठी जे शिष्टमंडळ गेलं, त्यात त्याचं नाव होतं. फोटोत केस पूर्ण पांढरे.

तोवर मी एका तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. आमचे प्राचार्य दर दोन वर्षांनी बदलत, संस्थेचे अध्यक्ष त्याहून लवकर, आणि प्रत्येक नवा माणूस वेगळं वेळापत्रक घेऊन येई. काहींच्या हाताखाली काम करणं अवघड होतं. मी सोडून गेले नाही, कारण बाकावर पोरं बसलेली असत. काही जण पहिल्यांदाच घरातून कॉलेजात आलेले. एकदा मात्र मला सांगण्यात आलं की वस्तीतल्या मुलींची जादा तासिका बंद करा. तेव्हा मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सावकाश आवाजात सांगितलं की ती तासिका बंद होणार नाही, हवं तर मला काढा. त्यांनी काढलं नाही. तासिकाही चालू राहिली.

तो पुन्हा निवडून आला त्या वर्षीच्या सुट्टीत मी पूर्णेला आले तेव्हा वडील निवृत्त झाले होते. अंगणात खाट टाकून ते वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना माझ्या राजदूताची सगळी हकीकत सांगितली. तसबिरीखाली उभं राहणं, बोलावणं, शाळा, पुन्हा निवडून येणं. ते नीट ऐकत होते. आई तांदूळ निवडता निवडता मध्येच म्हणाली, "मंजी त्याची अन् तुझी एकच तऱ्हा म्हण. कधी गप्प, कधी न्हाई."

वडील म्हणाले, "गप्प राहिला तेवढे दिवस मला न्हाई पटला. पण शत्रूच्या गावात मास्तरकी केली, ते लय आवडलं."

मी त्यांच्याजवळ खाटेवर बसले. दुपारची पॅसेंजर नांदेडकडून आली होती, तिची शिट्टी ऐकू आली. चुडाव्याची माझी मैत्रीण त्या गाडीनं येणार होती, ती आता शिकवत होती त्या शाळेला सुट्टी लागली होती. मी चपला घातल्या आणि तिला आणायला स्टेशनकडं निघाले.